नऊ ग्रह राहू देत, आधी एक मुजरा दाखव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पुढे कोणी हे उत्तर वाचेल त्याच्यासाठी आधी तो थोडक्यात मांडतो. तू नाशिकरोडचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तू लिहितोस आणि तुझा मित्र चित्रं काढतो. एक्स-मेन या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकमधल्या शिआर नावाच्या परग्रही साम्राज्याच्या यादवीची मालिका वाचून तुम्हाला कल्पना सुचली आणि वर्षभर खपून तुम्ही मराठीत 48 पानांची सुपरहिरो चित्रकथा तयार केलीत. नऊ ग्रहांचं साम्राज्य आहे, सम्राट मरतो, धाकटा मुलगा गादी बळकावतो, थोरली मुलगी बंड पुकारते. पंचवटीतला एक मुलगा, ज्याच्या अंगात अचानक अफाट ताकद आली आहे, तो या भाऊबंदकीत ओढला जातो. पाच जणांना वाचायला दिलीत आणि पाचही जण म्हणाले, "लढाया एक नंबर, पण पंधराव्या पानानंतर कोण कोणाचा तेच कळत नाही." म्हणून तू विचारतोस : सुरुवातीला दोन पानी नकाशा आणि वंशावळ टाकू का? दोन बाजूंना दोन रंग दिले तर भागेल का? आणि परग्रहावरच्या लोकांनी मराठी कोणती बोलायची?

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी 28 वर्षं चित्रकथा लिहितो, दुसऱ्यांच्या तपासून देतो आणि लेटरिंग, म्हणजे चित्रांतली अक्षरं काढायचं काम, करतो. सुरुवात रविवार कारंज्याजवळ एका पेंटरकडे पाट्या रंगवण्यापासून झाली, त्यामुळे चित्राआधी माझं लक्ष अक्षराकडे जातं. खाली त्याचा उपयोग होईल.

आधी तुझं दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. बाहेरून कोणी स्वारी करून आलं की बाजू आपोआप कळतात. ते हिरवे, आपण माणसं. त्यांची यानं काटेरी, आपली गुळगुळीत. यादवीत ही सोय नसते. कालपर्यंत एकाच पंगतीला जेवलेली माणसं आज समोरासमोर उभी असतात. गणवेश तोच, यान तेच, शपथ तीच, भाषा तीच. तुझ्या वाचकांचा गोंधळ हा तुझ्या मित्राच्या हाताचा दोष नाही, विषयच तसा आहे. त्यात नकाशा घातलास तर वाचकाला "कुठे" ते कळेल. तो विचारतोय "कोणाचा". ते नकाशात सापडत नाही.

यात परिस्थितीचा भाग आहे, तो कबूल करतो. तुमची मालिका दहा भागांची असती, तर आतल्या पानावर नकाशा चालला असता. वाचक आधीपासून परदेशी कॉमिक्स वाचणारा असेल तर तो दहा नावं सहज डोक्यात ठेवतो. सहावी-सातवीतल्या मुलासाठी असेल तर चार नावांवर थांबावं लागतं. छपाईची बाजूही आहे. 48 पानं म्हणजे 16 चे तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली 16 पानं म्हणजे एक फर्मा), हिशोब चोख बसलाय. दोन पानं वाढवलीस तर 50 होतात, आणि मधोमध पिना मारून शिवलेल्या पुस्तकात पानं 4 च्या पटीतच लागतात. नकाशाचा हट्टच असेल तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला टाका, कथेच्या वाटेत नको.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. यादवीच्या कथेत वाचकाला एकच गोष्ट दाखवायची असते : कोण कोणाला मुजरा करतो, आणि तो मुजरा कुठल्या क्षणी बदलतो. यानं, तोफा, ग्रह फुटणं हे सगळं त्या मुजऱ्याच्या मागून येतं. हे माझ्या मनात कसं पक्कं झालं ते सांगतो, म्हणजे तुला फक्त नियम मिळणार नाही, त्यामागचं कारणही कळेल.

तू आग्रा रोडने चांदवडकडे कधीतरी गेला असशीलच. वडाळीभोईच्या आसपास डावीकडे डोंगररांगेत एक किल्ला दिसतो, ज्याच्या कातळभिंतीला मधोमध खाच पडलेली आहे. तो धोडप. जून 1768 मध्ये तिथे थोरले माधवराव आणि त्यांचे सख्खे काका रघुनाथराव यांच्यात लढाई झाली. साम्राज्याची यादवी तुझ्या घरापासून दोन तासांवर झालेली आहे. आणि रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, राहायचे कुठे, तर आपल्या गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीत.

त्याआधीची सहा वर्षं नीट बघ, तुझ्या कथेचा सांगाडाच तिथे आहे. नोव्हेंबर 1762 मध्ये आळेगावला काकांनी पुतण्याचा पराभव केला. माधवरावांनी काय केलं? दौलत फुटू नये म्हणून ते स्वतः काकांच्या छावणीत गेले. पुढच्याच वर्षी निजामाने पुणं जाळलं आणि 10 ऑगस्ट 1763 ला राक्षसभुवनला काका-पुतण्या एका बाजूने लढले. त्या लढाईत दादा शत्रूच्या गराड्यात सापडले तेव्हा पुतण्याच मदतीला धावला. बाहेरचा शत्रू संपला आणि पाच वर्षांनी धोडपला पुन्हा दोघं समोरासमोर. यावेळी काका हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत गेले.

यातला एकही नकाशा सामान्य मराठी माणसाला आठवत नाही. आळेगाव कुठे आहे ते दहातल्या नऊ जणांना सांगता यायचं नाही. पण 30 ऑगस्ट 1773 ला नारायणरावांचा खून झाला, त्यातले तीन शब्द लहान पोरालाही पाठ असतात : "काका, मला वाचवा." पाठोपाठ "ध चा मा". धरावे या शब्दातलं एक अक्षर बदलून मारावे झालं, ही आख्यायिका. तिचा खरेखोटेपणा इतिहासकार बघतील. चित्रकथावाल्याने एवढं बघायचं की दीडशे वर्षांच्या राज्यातली भाऊबंदकी लोकांनी एका हाकेत आणि एका अक्षरात लक्षात ठेवली. दोन्ही गोष्टी जवळून बघण्याच्या आहेत. तोंड जवळून, कागद जवळून. ग्रहांच्या नकाशापेक्षा कागदावरच्या त्या एका अक्षराची चौकट जास्त काम करते.

आता तू वाचलेल्या मालिकेकडे ये. शिआर साम्राज्य एक्स-मेनमध्ये 1976 मध्ये आलं. क्रिस क्लेअरमाँट लेखक, डेव्ह कॉक्रम चित्रकार. तेव्हाचं भांडणही भावाबहिणीचंच होतं : सम्राट डकेन आणि त्याच्याविरुद्ध उभी राहिलेली लिलांड्रा. तीस वर्षांनी, 2007-08 मध्ये, पाच अंकांची 'एम्परर व्हल्कन' ही मालिका आली, ख्रिस योस्टने लिहिलेली. तिच्यात व्हल्कन नावाचा, पृथ्वीवरच्या आईबापांचा मुलगा गादी बळकावून बसलाय, आणि लिलांड्राच्या बाजूने त्याच्याविरुद्ध लढतोय तो त्याचाच सख्खा भाऊ, हॅवॉक. मध्येच तिसरा शत्रू चालून येतो, दोन्ही बाजूंना तात्पुरता तह करावा लागतो. राक्षसभुवन आठवलं ना? शेवटी तह मोडतो, हॅवॉक कैदेत जातो आणि बळकावणारा गादीवर तसाच राहतो. एवढं प्रचंड साम्राज्य, पण लेखकाने ते दोन भावांच्या अंगणात आणून ठेवलं. म्हणून ते पेललं गेलं. आणि एक लक्षात ठेव, त्या पाच अंकांच्या आधी बारा अंकांची पूर्वपीठिका होती आणि वाचकाला ही पात्रं वर्षानुवर्षं माहीत होती. तुझ्याकडे एकूण पानं 48. त्यांची ऐट तुला परवडणारी नाही.

त्या विश्वातलं एक पात्र मात्र तू नीट अभ्यासावंस. ग्लॅडिएटर, शाही रक्षकदलाचा प्रमुख. त्याची निष्ठा सिंहासनाशी आहे, वर बसलेल्या माणसाशी नाही. सम्राट वेडा असो, दुष्ट असो, तो आज्ञा पाळतो. आणि त्याची ताकद त्याच्या आत्मविश्वासावर चालते. मनात शंका आली की ती कमी होते. यादवीसाठी याहून नेमकं पात्र कोणी काय घडवणार? जिथे प्रत्येकाच्या मनात "मी बरोबर बाजूला आहे ना" हा प्रश्न आहे, तिथे शंका आल्यावर ज्याचा हात खरोखरच दुबळा पडतो असा सरदार. तू त्याची नक्कल करू नकोस, पण तुझ्या 48 पानांत अशी जागा कोणाची आहे ते शोध. मला वाटतं ती तुझ्या लिखाणात आहेच, फक्त तुला दिसलेली नाही. तू लिहिलंयस की मेलेल्या सम्राटाचा एक म्हातारा सेनापती पंधराव्या पानावर "नव्या सम्राटाच्या बाजूला जातो". एका कॅप्शनच्या पट्टीत, सहा शब्दांत. अरे, तीच तर तुझी गोष्ट आहे! आणि नेमकं तिथूनच तुझे पाचही वाचक हरवले.

आता भाषेचा प्रश्न. हा मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगणार आहे, कारण मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात एक हत्यार आहे जे इंग्रजी कॉमिक लिहिणाऱ्याकडे नाही. तू, तुम्ही, आपण. इंग्रजीत सम्राटालाही तोच शब्द आणि शिपायालाही तोच. आपल्याकडे एका सर्वनामात निष्ठा कळते. सेनापती नव्या सम्राटाला पहिल्यांदा "आपण आज्ञा करावी" म्हणतो. पंचवीस पानांनंतर तोच त्याच्याकडे बघून म्हणतो, "तू हे करायला नको होतंस." बस्स. तिथे लढाई फिरली. तोफ उडाली नाही, कॅप्शन नाही, तरी शेवटच्या बाकावरच्या वाचकालाही कळलं की हा माणूस आता त्याचा उरला नाही.

हे नेमाने पाळायचं. बहिणीच्या बाजूचे लोक तिच्याबद्दल बोलताना "त्या आल्या" म्हणतील, भावाच्या बाजूचे "ती आली" म्हणतील. भावाचे शिपाई त्याला "महाराज" म्हणतील, तिचे शिपाई नुसतं नाव घेतील. फितूर ओळखायचा असेल तर एखाद्या घाईच्या चौकटीत त्याच्या तोंडून चुकून "त्या" निघू दे. जो वाचक ते पकडेल तो तुझा कायमचा वाचक झाला समज. कॅप्शनमध्येसुद्धा हे ठरवावं लागतं. "राजकन्या आली" लिहायचं की "राजकन्या आल्या"? ज्याच्या नजरेतून ते पान चाललंय त्याचं क्रियापद वापर. मी स्वतः पटकथेच्या पहिल्या पानाला एक तक्ता चिकटवतो : कोण कोणाला काय म्हणतो. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत नावं, आणि प्रत्येक खणात तू, तुम्ही, आपण, अहो, अरे. कथा सुरू होताना एक तक्ता आणि संपताना दुसरा. दोन्ही तक्ते सारखेच निघाले तर कथेत यादवी झालीच नाही, नुसती मारामारी झाली.

पंचवटीच्या पोराचंही तसंच. तो दरबारी रीत जाणत नाही. तो राजकन्येला काय म्हणेल? "ताई." एका ताई या शब्दाने तो कोणाच्या बाजूचा ते ठरतं, आणि तिच्या पहाऱ्यातले सरदार चमकतात, कारण नऊ ग्रहांत तिला कोणी या नात्याने हाक मारलेली नाही. सुपरहिरोची मोठी अडचण अशी असते की एवढा ताकदवान माणूस एका गुद्द्यात युद्ध संपवू शकतो, मग कथा कशासाठी? यादवीत त्याचं उत्तर मिळतं. गुद्दा मारायचा हे सोपं आहे, पण मारायचा कोणाला? समोरचे दोन्ही एकाच घरातले. त्याने भावाला मारलं तर ताई रडणार आहे. ही अडचण त्याच्यापुढे उभी कर, मग त्याची ताकद तुला कमी करावी लागणार नाही.

बाकी मराठी कोणती, तर माझं मत असं : ना पौराणिक मालिकेतली "हे आर्यपुत्र" छापाची, ना दर वाक्यात इंग्रजी यंत्रांची नावं. भाऊबंदकीसाठी आपल्या भाषेत शब्दांची कोठारं भरलेली आहेत. गादी, दौलत, फितुरी, वाटणी, नजरकैद. सम्राटाच्या खास रक्षकदलाला तू "इम्पीरियल फोर्स" म्हटलंयस. पेशव्यांच्या खाशा फौजेला हुजुरात म्हणायचे. "हुजुरात फुटली!" हा संवादाचा फुगा वाच बरं मोठ्याने. परग्रह आहे म्हणून शब्द परके हवेत असं काही नाही. फक्त जपून, पाचसहा शब्द पुरेत. सगळंच बखरीसारखं झालं तर मुलं पुस्तक मिटून टाकतील.

लेटरिंगबद्दल पटकन. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते. इंग्रजी कॉमिकमधल्या फुग्याच्या मापात मराठी कोंबलं की ते गुदमरतं. माझा हिशोब एका फुग्याला जास्तीत जास्त 15 शब्द आणि एका पानाला साधारण 120. तू पाठवलेल्या चौदाव्या पानावर मी मोजले, 230 आहेत.

आता रंग. दोन बाजूंना दोन रंग द्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नकोस. माझ्या अंगावर हे शेकलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी बारा पानांची चित्रकथा केली होती, दोन राजपुत्र भावांची. एकाचं निशाण भगवं, दुसऱ्याचं लाल. अंक छापायला गेला तेव्हा खर्च वाचवायला संपादकांनी ती पानं दोनच रंगांत घेतली, आम्हाला न कळवता. दोन्ही निशाणं एकाच विटकरी छटेत उतरली. सबंध लढाईत कोण कोणाला मारतोय ते मलाच कळेना. अंक हातात घेऊन मी प्रेसच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो. चित्रकाराने महिनाभर रात्री जागवल्या होत्या, त्याला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. त्या दिवसापासून मी रंग भरायच्या आधी प्रत्येक लढाईच्या पानाची काळीपांढरी झेरॉक्स काढतो. झेरॉक्सवर बाजू ओळखू आल्या तरच पुढे. तुझे निळा आणि जांभळा हे दोन रंग तर झेरॉक्सवर एकच राखाडी होतील, आणि साध्या कागदावर छापले तरी एकमेकांच्या फार जवळ येतील.

मग ओळखायचं कसं? आकाराने. पण इथे एक मौज आहे, ती सोडू नकोस. यादवीत दोन बाजूंची चिन्हं पूर्ण वेगळी असून चालत नाहीत, कारण दोघांचाही दावा एकाच गादीवर आहे. दोघंही बापाचंच चिन्ह मिरवणार. म्हणजे चिन्ह तेच हवं आणि तरी वेगळं हवं. हे कसं करायचं ते मला एका नाण्याने शिकवलं. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी आहे ना, तुझ्या नाशिकरोडपासून फार लांब नाही. तिथे 1906 मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून जास्त नाणी. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला आहे. नहपानाला हरवल्यावर त्याने नाणी वितळवली नाहीत, त्याच नाण्यांवर पुन्हा छाप उठवला. त्यामुळे नव्या ठशाखालून जुन्या राजाच्या चेहऱ्याची कड आणि अक्षरांचे तुकडे अजून दिसतात. ती भाऊबंदकी नव्हती, परक्या राजावरचा विजय होता, तरी चित्रकाराला जे हवं ते त्यात आहे. एका गोल चकतीवर दोन राजे, एक वर, एक खाली. अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, एका रविवारी मित्राला घेऊन जा. पुन्हा ठसा मारलेलं नाणं कसं दिसतं ते फोटोत बघून कागदावर काढायला लाव.

मग तुझ्या कथेत असं करता येईल. बापाचं चिन्ह सूर्य आहे असं तू लिहिलंयस. भावाच्या फौजेने त्या सूर्यावर स्वतःचा चौकोनी ठसा मारलाय, खालची किरणं कडेने बाहेर डोकावतात. बहिणीच्या लोकांनी ठसा खरवडून काढलाय, त्यामुळे त्यांच्या छातीवर जुना सूर्य ओरखडलेला दिसतो. एक चौकोनी, एक ओरखडलेला. झेरॉक्सवरसुद्धा कळतं, आणि बाजू बदलणारा सैनिक दाखवायला संवादच लागत नाही. तो कोपऱ्यात बसून दगडाने छातीवरचा ठसा खरवडतोय, एवढी एक चौकट पुरे.

दिशेचा नियम तुझ्या मित्राला माहीत असेल, तरी सांगतो. बहिणीची फौज कायम डावीकडून उजवीकडे सरकेल, भावाची उजवीकडून डावीकडे. सबंध पुस्तकभर. फक्त पळताना उलटं. पंधराव्या पानानंतरच्या लढाईत तुम्ही दर चौकटीत कॅमेरा फिरवलाय, बघायला छान दिसतं, पण वाचकाला आपण कुठल्या बाजूला उभे आहोत तेच समजत नाही.

आणि आकारमानाचं काय करायचं? तुमच्या चौकटींत हजार यानं आहेत आणि मला एकही मोठं वाटलं नाही. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण धरणातून किती क्युसेक सोडलं ते विचारत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो. कमरेला, छातीला, गळ्याला. आकडा डोक्यात राहत नाही, मारुती राहतो. तुझ्या अवकाशातल्या लढाईला एक दुतोंड्या मारुती दे. राजधानीतला एखादा पुतळा, एखादा मनोरा, जो वाचकाने पहिल्या पाच पानांत माणसाशेजारी उभा पाहिलाय. मग युद्धाच्या दर टप्प्याला तोच दाखव. आधी त्याच्यावर सावली पडते, मग खांदा उडतो, मग नुसते पाय उरतात. वाचकाला युद्ध किती चढलंय ते कळत राहील आणि हजार यानं काढायचे मित्राचे हातही वाचतील.

नऊ ग्रहांबद्दल मात्र मी कठोर आहे. दोन ठेव. एक राजधानी आणि एक बंडखोरांचा. बाकीच्या सातांची नावं लोकांच्या तोंडी येऊ देत, चित्रात नकोत. एक ग्रह सरासरी चार पानांत तू आटोपलायस. वाचक एका ठिकाणी टेकतो न टेकतो तोच तू त्याला उठवतोस. हे ऐकून वाईट वाटेल, वर्षभराची मेहनत आहे, मला कल्पना आहे. काढलेली पानं फाडू नका. दुसऱ्या भागाला कामी येतील.

आता पंधरावं पान. हे एकच पान तुम्ही दोघांनी नव्याने करावं असं मला मनापासून वाटतं, बाकीचं त्यानंतर. विषम आकड्याचं पान उघड्या पुस्तकात उजव्या हाताला येतं, म्हणजे त्याची शेवटची चौकट संपली की वाचकाला पान उलटावं लागतं. याचा फायदा घ्या. मी केलं असतं तर असं केलं असतं :

पहिली चौकट आडवी, पूर्ण रुंदीची. दरबार रिकामा, मधोमध सिंहासन, त्यावर धाकटा. पाय जमिनीला टेकत नाहीत इतकं ते मोठं. दुसऱ्या चौकटीत म्हातारा सेनापती, छातीवर बापाच्या वेळचा सूर्य, अजून ठसा न मारलेला. त्याच्या शेजारी एक कारागीर हातोडी आणि ठसा घेऊन वाट बघत उभा. तिसऱ्यात दारातून आलेली बहीण, फक्त बूट आणि फरशीवर पडलेली तिची सावली. चौथ्यात तिचा फुगा, पाच शब्द : "काका, मुजरा कोणाला करणार आहात?" दोघांनाही त्यानेच खांद्यावर खेळवलंय, दोघंही त्याला काकाच म्हणतात. पाचवी चौकट फक्त हाताची. मूठ वळलेली, छातीच्या दिशेने अर्ध्यात आलेली, बोटांवर सुरकुत्या, एका नखाखाली शाई. कुठे वळतोय ते दिसत नाही. शब्द नाही. पान संपलं.

ही पाचवी चौकट काढायला मित्राला तीन दिवस लागले तरी लागू देत. आरशात स्वतःचा हात बघून नको, एखाद्या सत्तरीच्या आजोबांचा हात बघून काढू दे. म्हाताऱ्या माणसाची मूठ पूर्ण मिटत नाही, अंगठा जरा सैल राहतो. ते त्या चित्रात आलं पाहिजे.

सोळाव्या पानावर तो हात कोणाकडे वळतो ते तुम्ही ठरवा. मला विचारशील तर त्याने धाकट्यालाच मुजरा करावा. पटलं म्हणून नाही, आयुष्यभर गादीला मुजरा करायची सवय आहे म्हणून. कारागिराने ठसा मारावा, सूर्याची किरणं चौकोनाखाली जावीत, आणि बहिणीने तिथून जाताना त्याला पहिल्यांदा "काका" न म्हणता "सेनापती" म्हणावं. चाळिसाव्या पानावर तो धाकट्याला "तू" म्हणेल तेव्हा वाचकाला हे पान आठवेल. ती दोन पानं आधी पेन्सिलने करा, रंग नको, आणि त्याच पाच जणांपैकी एकाला दाखवा. कथा सांगू नका. फक्त विचारा, हा म्हातारा कोणाचा?